मापात बसलेला विनोद : ‘द मॅक्स लिंडर कलेक्शन’

आधी निकाल सांगतो, मग कारणं. ही डिस्क घ्यावी. मात्र नाव वाचून जे मिळेल असं वाटतं, ते सगळं तिच्यात नाही. ‘द मॅक्स लिंडर कलेक्शन’ अमेरिकेतल्या किनो लॉर्बरने 2014 साली काढली. तीत चार मूकपट आहेत : 1917चा छोटा ‘मॅक्स वाँट्स अ डिव्होर्स’, 1921चे ‘सेव्हन इयर्स बॅड लक’ आणि ‘बी माय वाइफ’, आणि 1922चा ‘द थ्री मस्ट-गेट-देअर्स’. चारही अमेरिकेत काढलेले. मॅक्स लिंडर ह्या फ्रेंच विनोदी नटाचं नाव जगभर झालं ते 1905 ते 1914 या काळात पॅरिसमध्ये पॅथे कंपनीसाठी केलेल्या छोट्या छोट्या चित्रपटांमुळे. त्यातला एकही इथे नाही. म्हणजे गवयाच्या नावाचा संग्रह आणि त्यात फक्त उतारवयातल्या बैठका, असला प्रकार. पण त्या बैठकाही ऐकण्यासारख्या आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

मी काही सिनेमाचा अभ्यासक नव्हे. सांगलीत जेंट्स टेलरिंगचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. सूट-शेरवानी शिवणारे आम्ही. रेडीमेडच्या जमान्यात तग धरून आहोत ते लग्नसराईच्या आणि हौशी नाटकवाल्यांच्या जिवावर. भाचा अमेरिकेत असतो. मागल्या खेपेला येताना ही डिस्क घेऊन आला आणि म्हणाला, “मामा, गोष्ट राहू दे, आधी ह्या माणसाचे कपडे बघ.” पोराला मामाची नाडी बरोबर ठाऊक.

तर कपड्यांपासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते मॅक्स लिंडरचा सगळा विनोद तिथूनच निघतो. रेशमी उंच टोपी, मॉर्निंग कोट, जाकीट, हातमोजे, बुटावर स्पॅट (घोट्यापर्यंतचं कापडी आवरण), हातात काठी, ओठावर नेटकी मिशी. मॉर्निंग कोट आजकाल कुणी शिवायला टाकत नाही, म्हणून सांगतो : पुढून कंबरेच्या बटणापासून तिरका कापत मागे न्यायचा, आणि मागे गुडघ्यापर्यंत दोन पाकळ्या लोंबत्या सोडायच्या. दिसायला सोपा, शिवायला महाकठीण. कंबरेची शिवण अर्धा बोट खाली गेली तरी माणूस बुटका दिसतो. मॅक्स मुळात बुटकाच होता, उंचापुरा नव्हे. पण पडद्यावर ते जाणवत नाही. ते श्रेय अर्धं त्याचं आणि अर्धं त्याच्या शिंप्याचं.

आता त्याचा मुंढा बघा. मी रिमोटने चित्र थांबवून पाहिला. बाही जिथे खांद्याला जोडतात ती जागा बगलेत चांगली वर घेतलेली आहे. असा मुंढा असला की माणसाने हात डोक्यावर नेला तरी कोट जागचा हलत नाही, कॉलर मानेपासून सुटत नाही. मुंढा खाली पाडला तर हात वर करताच सगळा कोट वर चढतो आणि माणूस झोळीत घातल्यासारखा दिसतो. हल्ली बहुतेक रेडीमेड कोट असेच असतात, कारण खाली पाडलेला मुंढा चार अंगांना चालतो. मॅक्स धावतो, टेबलाखालून सरपटतो, खिडकीतून उडी मारतो, लाथा खातो. आणि उठून उभा राहिला की पाठीत एक चुणी नाही. हाच त्याचा विनोद. सगळं जग उसवत चाललंय आणि हा मात्र शिवणीत ठाम. अब्रू जायची वेळ आली की तो आधी टोपी सरळ करतो.

चार्ली चॅप्लिन नेमका उलटा. कोट एक माप लहान, पँट दोन मापं मोठी, बूट दुसऱ्याच कुणाचे. त्याचे कपडे बघूनच कळतं की हा माणूस जगात कुठे मापात बसणार नाही. चॅप्लिनने पडद्यावर पाऊल ठेवलं 1914 साली. तोवर मॅक्स जवळजवळ नऊ वर्षं काम करत होता. चॅप्लिनने त्याला सही करून जो फोटो दिला, त्यावर मॅक्सला ‘प्रोफेसर’ आणि स्वतःला त्याचा शिष्य म्हटलंय. आपल्याकडे शिष्य घराघरात पोचला, गुरूचं नाव विचारलं तर कुणाला सांगता येत नाही.

गुरूचं खरं नाव गाब्रिएल-माक्सिमिलियाँ लव्हिएल. 16 डिसेंबर 1883चा जन्म, बोर्दोजवळच्या साँ-लुबेस गावचा. घरी द्राक्षबागा. मुलाने बाग सांभाळावी ही घरच्यांची अपेक्षा, आणि मुलाला नाटकाचं वेड. बोर्दोत नाट्यशिक्षण घेतलं, 1904च्या सुमारास पॅरिस गाठलं, तिथे मोठ्या नाट्यविद्यालयाने प्रवेश नाकारला. मग रंगभूमीवर छोट्या भूमिका आणि दिवसा व्हाँसेनला पॅथेच्या स्टुडिओत सिनेमाचं काम. त्या काळी सिनेमात काम करणं म्हणजे नाटकवाल्यांच्या दृष्टीने तमाशाच्या फडावर जाण्यापेक्षाही खालचं. 1905मध्ये लुई गास्निएने काढलेल्या एका शाळकरी पोराच्या गोष्टीत तो पहिल्यांदा दिसला. पुढची दोन वर्षं मिळेल ते काम. 1907मध्ये बर्फावर घसरायला शिकणाऱ्या एका रुबाबदार गड्याचा चित्रपट आला. तलाव गोठलेला, अंगावर लग्नाला निघाल्यासारखे कपडे, पायात स्केट. आणि धडाधड आपटणं. इथून ‘मॅक्स’ नावाचा माणूस आकार घेऊ लागला.

पॅथेचा तेव्हाचा मोठा विनोदी नट आंद्रे दीद. तो इटलीला गेला आणि जागा रिकामी झाली. ती मॅक्सने अशी भरली, की 1910पासून चित्रपटांची नावंच ‘मॅक्स’ने सुरू व्हायला लागली : मॅक्स अमुक करतो, मॅक्स तमुक शिकतो. प्रेक्षकाने तिकीट गोष्टीचं नव्हे, माणसाचं काढायचं, ही रीत इथे रुजली. जवळजवळ दर आठवड्याला एक नवा चित्रपट. काही काळाने दिग्दर्शनही स्वतःच. 1910च्या एका चित्रपटात तो काम मागायला पॅथेच्या कचेरीत जातो, आणि टेबलामागे खुद्द शार्ल पॅथे बसलेले. मालकाने नोकराच्या विनोदात उतरावं, इतकं ह्या नोकराचं वजन होतं.

ह्या काळातला एक तरी आधी पाहून घ्या, मगच डिस्क लावा. माझी शिफारस 1911च्या ‘मॅक्स व्हिक्तिम द्यू कँकिना’ची. डॉक्टर अशक्तपणावर सिंकोनाची औषधी वाइन देतात, रोज एक ग्लास. मॅक्सच्या घरात ‘एक ग्लास’ म्हणजे भलंमोठं पात्र. औषध चढतं. मग हा बाहेर पडून एकामागून एक बड्या लोकांशी भांडण उकरतो. त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रत्येकजण द्वंद्वाचं आव्हान म्हणून आपलं कार्ड त्याच्या हातात देतो. पुढे रस्त्यात पोलीस पकडतात, खिशातलं कार्ड पाहतात, ‘अरे बापरे, हे तर साहेब!’ म्हणून सलाम ठोकतात आणि अदबीने त्या साहेबाच्या घरी पोचवतात. तिथून हकालपट्टी, दुसरा पोलीस, दुसरं कार्ड, दुसरं घर. झिंगलेला माणूस केवळ कपडे नीट असल्यामुळे प्रत्येक दारात आत जातो. फाटक्या अंगरख्यात असता तर पहिल्याच पोलिसाने चौकीत टाकला असता. शंभर वर्षं उलटली, दारावरच्या वॉचमनचा हिशोब आजही तोच. गिऱ्हाइकाला मी हे रोज सांगतो, तो मात्र कापडाचा भाव काढत बसतो.

युरोपभर तो स्वतः दौऱ्यावर जायचा. स्पेन, बर्लिन, रशिया. रशियात त्याच्या कार्यक्रमाला पियानो वाजवायला एक तरुण मुलगा होता, दिमित्री तिओमकिन; हाच पुढे हॉलिवूडचा नावाजलेला संगीतकार झाला. इकडे 1913च्या मे महिन्यात गिरगावात कोरोनेशनला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आपला सिनेमा पहिलं पाऊल टाकत होता तेव्हा हा गृहस्थ स्टेशनवर उतरला की गर्दी लोटायची. सिनेमानट नुसता दिसावा म्हणून लोक स्टेशनवर जमतात, हे बहुधा ह्याच्यापासूनच सुरू झालं.

आणि मग 1914. युद्ध. तो गेला, निरोप पोचवणाऱ्या मोटारीवर काम केलं, तब्येत कायमची खालावून परतला. मध्ये तो मेल्याची बातमीसुद्धा फिरली. परतलेल्या माणसाचं शरीर खचलेलं होतंच, मनही जाग्यावर आलं नाही.

डिस्कवरचा पहिला चित्रपट ह्याच्या पुढचा. 1916मध्ये चॅप्लिन एसने कंपनी सोडून म्युच्युअलला गेला होता, आणि एसनेला त्याच्या जागी कुणीतरी हवा होता. आठवड्याला 5,000 डॉलर ठरवून त्यांनी मॅक्सला अमेरिकेला बोलावलं. बारा चित्रपटांचा करार, निघाले तीन. ‘मॅक्स वाँट्स अ डिव्होर्स’ त्यातला. लग्न लागतं न लागतं तोच मॅक्सला कळतं की अविवाहित असेल तरच मोठी इस्टेट मिळेल. तो बायकोला घटस्फोट मागतो, पैसे मिळाले की परत लग्न करू म्हणून. कारण पाहिजे म्हणून बदफैलीपणाचं नाटक रचायचं, ते ज्या जागेत रचायचं तिथेच वेड्यांवर उपचार करणारा डॉक्टर येऊन बसलेला. घोळ जमलाय. तरी मला हा चित्रपट दमल्यासारखा वाटला. अमेरिकन प्रेक्षकांना चॅप्लिन हवा होता. त्यांच्यापुढे उंच टोपीवाला फ्रेंच जंटलमन उभा केला, तर ते त्याच्या दोन्ही बाह्या मोजत बसणारच. बायकोचं काम केलेली मार्था मॅन्सफिल्ड मात्र फार गोड आहे. 1923मध्ये चित्रीकरणाच्या वेळी घेरदार पोशाखाने पेट घेतला आणि ती त्यातच गेली. एवढा घोळदार पोशाख अंगावर आणि आसपास विस्तव. कापडाच्या धंद्यात असल्यामुळे ते वाचून माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

प्रकृतीने परत दगा दिला आणि मॅक्स युरोपात परतला, स्वित्झर्लंडमध्ये बराच काळ उपचार घेतले. 1919मध्ये रेमाँ बेर्नारच्या दिग्दर्शनाखाली ‘ल प्ती काफे’ केला, तो फ्रान्समध्ये चालला. मग पुन्हा अमेरिका, ह्या वेळी स्वतःची कंपनी, स्वतःचा पैसा. डिस्कवरचे तीन मोठे चित्रपट त्या प्रयत्नाचे.

‘सेव्हन इयर्स बॅड लक’साठी डिस्कचे सगळे पैसे वसूल. त्यातही आरशाचा प्रसंग. तो सविस्तर सांगतो. सांगितल्याने मजा जात नाही, मी पुन्हा पुन्हा पाहिलाय.

लग्नाआधीची मित्रांबरोबरची रात्र उलटून गेलीय, मॅक्स झिंगून झोपलाय. नोकर आणि मोलकरीण यांच्या लाडीगोडीत मोठा उभा आरसा फुटतो. मालक उठला की दाढीला तिथेच उभा राहणार. नवी काच येईपर्यंत काय? नोकर आचाऱ्याला पकडतो. आचारी साधारण मॅक्सच्याच चणीचा. त्याला मॅक्ससारखे कपडे चढवतात, मिशी लावतात आणि रिकाम्या चौकटीच्या पलीकडे उभा करतात. डोळे चोळत मॅक्स येतो. फेस लावतो, पलीकडचा फेस लावतो. मान वळवतो, पलीकडचा वळवतो. मधे काच नाही, हे आपल्याला माहीत, नोकराला माहीत, आचाऱ्याला माहीत. फक्त ज्याचं तोंड आहे त्यालाच माहीत नाही.

इथे माझ्यातला शिंपी जागा झाला. ट्रायलला गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं तेव्हा ते कधीच सरळ उभं राहत नाही. छाती फुगवतं, पोट आत घेतं, एक खांदा किंचित वर जातो, बोटं आपोआप कॉलरकडे जातात. हे सगळं मॅक्स करतो, आणि समोरच्या हॅरी मानला, म्हणजे आचाऱ्याला, तेच सगळं उलट्या हाताने करायचंय. तुम्ही उजवा गाल खरवडलात तर त्याने डावा. तेही क्षणभरही मागे न राहता. कॅमेऱ्याची कसली हातचलाखी नाही, दोन जिवंत माणसं चौकटीच्या दोन बाजूंना. मी दुकानातल्या कारागिराला समोर उभं करून करून बघितलं. नुसतं कॉलरचं बटण लावायचं होतं. तेवढ्यातच दोघांचे हात एकमेकांत गुंतले, आणि बाहेर बसलेलं गिऱ्हाईक खो-खो हसत सुटलं.

मॅक्सला हळूहळू शंका येते. तो फसवून बघतो, मधेच थांबतो, अचानक तोंड वेडंवाकडं करतो. पलीकडचा बिचारा घामाघूम होऊन निभावतो, कधी निभावत नाही. शेवटी मॅक्सला चोरी उमगते. पण तो वळून परत येईपर्यंत खरी काच बसवून झालेली असते. आता आरशात तो स्वतःच आहे. ‘थांब लेका, तुला दाखवतो,’ म्हणून तो मारायला जातो, आणि नवी कोरी काच फोडून सात वर्षांची पनवती डोक्यावर घेतो. त्या लोकांत आरसा फुटणं म्हणजे सात वर्षं वाईट, आपल्याकडे मांजर आडवं जातं तसं. पुढचा सगळा चित्रपट त्या भीतीचा. हा प्रकार पुढे अनेकांनी केला. अमेरिकेतल्या मार्क्स बंधू ह्या विनोदी नटांनी 1933मध्ये ‘डक सूप’मध्ये केला तो जास्त गाजला. तो वेगवान आहे, खट्याळ आहे. पण मॅक्सच्यात एक माणूस खरोखर दाढी करायला उभा आहे, आणि विनोद त्या साध्या कामातून एकेक टाका पडत जातो. मला हा जास्त पटतो.

ह्याच चित्रपटात पुढे बिनतिकिटाचा रेल्वेप्रवास आहे. लपाछपी थोडी लांबलीय, पण गाडी आणि स्टेशन खरं असल्यामुळे कंटाळा येत नाही. पोलिसांना चुकवत तो प्राणिसंग्रहालयात सिंहांच्या पिंजऱ्यात शिरतो. सिंह खरे. तो त्यांच्यात असा वावरतो की जणू पाहुण्यांच्या बैठकीत आलाय, आणि बाहेर पोलिसांची आत यायची छाती होत नाही. माझी नात तिथे टाळ्या पिटत ओरडली, “आजोबा, त्याच्या कोटाला केस लागले!” तिच्यात कसब दिसतंय.

‘बी माय वाइफ’ मला मधला वाटला. प्रेयसीची काकू ह्याच्या विरुद्ध, तिला दुसराच मुलगा पसंत. काकूवर छाप पाडायची म्हणून मॅक्स घरात चोर शिरल्याचा बनाव रचतो आणि आडोशामागे एकटाच दोघांची मारामारी करतो. बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं की काय घनघोर चाललंय. स्वतःच मारतो, स्वतःच खातो. हे दृश्य आरशाच्या प्रसंगाला उलट करून पाहिल्यासारखं आहे : तिकडे दोन माणसांनी एक व्हायचं, इकडे एकाने दोन. लग्नानंतरचा अर्धा भाग, तिथे कपड्यांच्या दुकानाआड चोरटा दारूगुत्ता चालतो. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. कल्पना झकास, पण हाताळणी विस्कळीत. धंद्याच्या अभिमानापोटी नाइलाजाने सांगतो, शिंप्याच्या दुकानाआड दारू विकायची गरज पडावी इतके वाईट दिवस आमच्यावर अजून आलेले नाहीत.

‘द थ्री मस्ट-गेट-देअर्स’ म्हणजे हॉलिवूडचा नट डग्लस फेअरबँक्सच्या 1921च्या ‘थ्री मस्केटिअर्स’ची टिंगल. कार्डिनल रिशलिएचा ‘रिची-लू’, डार्टान्याँचा ‘डार्ट-इन-अगेन’. राजवाडा सतराव्या शतकातला, पिसाच्या टोप्या, लेसच्या कॉलरी, आणि मधेच टेलिफोन वाजतो, मोटारसायकली धावतात. शाळेच्या गॅदरिंगला शोभेल असा उघड चावटपणा. एका लढाईत शिपाई गोल करून चारी बाजूंनी तलवारी रोखतात, मॅक्स खाली वाकतो, आणि पुढचं तुम्ही ओळखलंत. मुलांना हा सगळ्यात आवडेल. मला इथे त्याचा कोट फार आठवला. घोळदार बाह्या आणि झालरींत तो हरवतो. ज्याचा विनोद मापाच्या कपड्यात होता, त्याला ढगळ अंगरखा घातला की नुसत्या उड्या उरतात.

तिन्ही चित्रपटांनी त्याला हवं होतं ते अमेरिकन यश दिलं नाही. 1922मध्ये तो परतला. दिग्दर्शक आबेल गाँसबरोबर भुताटकीच्या वाड्याचा ‘ओ सकूर!’ केला, व्हिएन्नात सर्कशीचा एक चित्रपट केला, आणि तिथेच काम संपलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. 1923मध्ये त्याने एलेन पीटर्स नावाच्या, वयाने खूपच लहान मुलीशी लग्न केलं. 1924च्या जूनमध्ये मोद ही मुलगी झाली. 1925च्या ऑक्टोबरअखेर पॅरिसच्या एका हॉटेलात नवरा-बायको दोघांनी जीव दिल्याचं उघडकीला आलं. मुलगी सोळा महिन्यांची. ह्या घटनेवर लिहिताना बरेचजण ‘महान विनोदी नटाची शोकांतिका’ म्हणून उसासे टाकतात आणि एलेनला एका ओळीत उरकतात. मला ते पटत नाही. तो युद्धाने आणि आजाराने पोखरला होता, खरं. पण विशीतल्या पोरीचं आयुष्यही तिथेच संपलं, ते त्याच्या कलेच्या तराजूत टाकता येत नाही.

मोद आजीकडे वाढली. वडील कोण होते हे तिला बरंच मोठं झाल्यावर कळलं. मग तिने जे केलं, त्याला तोड नाही. बाजार कधीच उठला होता, बहुतेक चित्रपट हरवले होते. तिने जगभरातून रिळं शोधली, जमवली. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या चित्रपटांतले निवडक भाग जोडून तिने एक चित्रपट केला, 1983मध्ये ‘लॉम ओ शापो द स्वा’ हा वडिलांवरचा माहितीपट काढला, पुस्तक लिहिलं. 2017मध्ये ती गेली. आपल्याला आठवणसुद्धा नसलेल्या बापाचा उसवलेला कोट आयुष्यभर बसून शिवला तिने. पॅरिसमध्ये बुलेव्हार पुआसोनिएरवर मॅक्सने विकत घेऊन स्वतःचं नाव दिलेलं थिएटर आजही त्याच्याच नावाने चालतं.

डिस्कबद्दल राहिलेलं सांगतो. फ्रान्सच्या लॉब्स्टर फिल्म्सने चित्रपट दुरुस्त केलेत. सगळीकडे सारखं चित्र नाही, काही तुकडे दुसऱ्याच प्रतीतून आणून जोडलेले कळतात, ठिगळ लावलेल्या धोतरासारखे. पण ‘सेव्हन इयर्स’ बहुतांश इतका स्वच्छ आहे की कोटाच्या कापडाची वीण दिसते, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. संगीत नव्याने दिलेलं आहे, उगाच मधे मधे बोलत नाही. पाट्या इंग्रजीत, सोप्या. मुलांना दोन-चार वाचून दाखवल्या की पुढे लागत नाहीत.

घेण्याआधी प्लेयर तपासा. डिस्क कुठल्या प्रदेशातल्या प्लेयरवर चालेल ते झोनवरून ठरतं : डीव्हीडीला आपला झोन 5, अमेरिकेचा 1. ब्लू-रेला आपला सी, त्यांचा ए. सगळे झोन चालवणारा प्लेयर नसेल तर भाच्याचे आभार मानायची संधी जाईल. आणि लावताना डिस्कवरचा क्रम पाळू नका. आधी पॅथेच्या काळातले दोन-तीन छोटे चित्रपट कुठून तरी मिळवून बघा, तो औषधी वाइनचा नक्की. मग थेट आरसा. मुलं असतील तर मग तलवारबाजी. घटस्फोटाचा सगळ्यात शेवटी, आणि तोही मार्था मॅन्सफिल्डसाठी.